मधल्या भिंतीची शीट

राजरत्न मोहितेसमोर ‘काय उकडतंय’ म्हणायची चोरी होती. म्हटलं की त्याच्या पिशवीतून तापमान मोजायचं पिस्तूल निघायचं, छपरावर लाल ठिपका पडायचा आणि आकडा तुमच्या तोंडावर फेकला जायचा. "शेहेचाळीस! माणसं राहतात की पापड वाळवतात इथं?"

गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये एसीच्या पाइपांना फोम गुंडाळता गुंडाळता त्याला हे वेड लागलं. थंडावा पाइपांनाच का, चाळीतल्या माणसांना का नाही, असं म्हणून त्याने लालबाग-परळच्या वरच्या मजल्यांची छपरं हातात घेतली. सिमेंटच्या पत्र्याखाली लाकडी पट्ट्या, मध्ये चार बोटं हवा, खाली फोमची चंदेरी शीट. खारी हवा लोखंड खाते म्हणून स्क्रू स्टेनलेसचेच. आणि फट ठेवणं म्हणजे पाप.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, त्याची स्वतःची आई करी रोडच्या चाळीत, वरच्याच मजल्यावर, भाजून निघत होती. दरवर्षी तो शीट घेऊन यायचा आणि दरवर्षी कमलाबाई त्याला पिटाळायच्या. "मला काय धाड भरलीय? ज्यांच्या घरात तान्ही पोरं आहेत त्यांचं आधी कर."

यंदा एप्रिलात त्या चार दिवस लेकीकडे, अपूर्वाकडे पनवेलला गेल्या आणि राजरत्नने डाव साधला. दोन दिवसांत छप्पर झालं. मग पिस्तूल मधल्या भिंतीवर धरलं. भिंत कसली, जुन्या सागवानी फळ्या. पलीकडे शेजारीण जाईबाईंची खोली. तिथला पत्रा तसाच उघडा, त्यामुळे फळ्या तव्यासारख्या तापलेल्या. त्याने भिंतही वरपासून खालपर्यंत झाकून टाकली आणि कडा फोमने बुजवल्या. जाईबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. एकदा त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मग पदर सावरून आत गेल्या. राजरत्नला ते दिसलं. पण काम हातात असलं की त्याला माणसं दिसून न दिसल्यासारखी होत.

कमलाबाई परतल्या, खोलीत पाय टाकला आणि मटकन बसल्या. "अरे राजू, ही तर दिवाळीतली हवा!" त्यांचे डोळे भरून आले. साठ-सत्तर छपरं केलेला हा गडी, पण त्या दिवशी घरी जाताना त्याची छाती दोन इंच फुगली होती.

चौथ्या दिवशी, रविवारी भर दुपारी, तो कौतुकाने काम बघायला आला. आई गॅलरीत. बाहेर, उन्हाच्या झळा खात.

"आई, आत गारवा केलाय तो कुणासाठी?"

"बसवत नाही आत."

"का?"

 पोर रुसल्यावर बोलतं तसं त्या बोलल्या. "जाई बोलत नाही माझ्याशी. रोज सकाळी मी लाटण्याने तीनदा ठोकते, ती दोनदा ठोकते. मग दोघी चहा टाकतो. तुझे बाबा गेले त्या दिवसापासून, मी घरी असले की एकही सकाळ चुकली नाही. आता तीन दिवस ठोकतेय, उत्तर नाही. समोर आली तर मान फिरवते. चार दिवस लेकीकडे राहिले, तर एवढा राग?"

राजरत्नने दारातून आतल्या चंदेरी भिंतीकडे पाहिलं. "आई, आत जा. ठोक. थांबू नकोस."

तो जाईबाईंच्या खोलीत शिरला. आत भट्टी होती. म्हातारी पदराने वारा घेत भिंतीकडे पाठ करून बसली होती. त्याने फळ्यांना कान लावला. काही नाही. चांगलं काम केलं होतं त्याने.

"मावशी, आई ठोकतेय."

"खोटा बोला नको रे. कमळेक आता थंड खोली गावली, माझी गरज सरली. मी खंय काय बोललंय?"

"शीट लावताना का नाही बोललीस?"

"झील आवशीसाठी करता, तेका मी कित्याक आडवू?" लेक आईसाठी करतोय, त्यात ती कशाला आड येणार होती.

त्याने हाताला धरून तिला उठवलं आणि शेजारच्या दारात आणून उभं केलं. आत कमलाबाई चंदेरी भिंतीवर दोन्ही हातांनी लाटणं आपटत होत्या, शीटला पोचे पडले होते, घामाने चेहरा निथळत होता. जाईबाईंनी एक हुंदका दिला, मग कमलाबाईंच्या पाठीत धपाटा घातला. "बहिरी झालंय की काय मी, इतक्या जोरान?"

राजरत्नने स्क्रूड्रायव्हर काढला. मधल्या भिंतीची एकेक शीट उतरवली आणि शिडी शेजारच्या खोलीत नेली.

"माझ्या छपराक नको रे," जाईबाई म्हणाल्या. "माका सवय आसा. आणि कमळेची भिंत पुन्हा तापतली."

"पलीकडचं छप्पर गार झालं की भिंत कशाला तापेल?" तो वरून म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा हात थांबला. आईची हॉस्पिटलात रात्रपाळी असायची, तेव्हा तो याच छपराखाली, याच बाईच्या कुशीत झोपायचा. दहा वर्षं. या खोलीवर त्याने पिस्तूल रोखलं ते फक्त धग कुठून येते ते बघायला. त्याला स्वतःची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "हे मी आधी करायला हवं होतं."

"मग आता रडतंस कित्याक? कर की," जाईबाई म्हणाल्या आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या.