ताप कुणी आणला

ज्या वर्षी जगभरातल्या मोटार शर्यती बंद पडल्या, त्या वर्षी मी एका संघात फिजिओथेरपिस्ट होते. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावची पोरगी, आणि काम काय, तर एका परदेशी ड्रायव्हरची मान सांभाळायची. घरी हे समजावताना माझी पुरेवाट व्हायची. वळणावर वेगानं डोकं हेल्मेटसकट एका बाजूला खेचलं जातं, मान तयार नसेल तर थोड्याच फेऱ्यांत ड्रायव्हरला डोकं सरळ धरणं जमत नाही, असं मी सांगायचे. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हंजी पैलवानाची मालिशच की." मी व्हय म्हणून सोडून द्यायचे.

संघाचा मॅनेजर पुण्याचा होता. मला नोकरीवर त्यानंच घेतलं होतं आणि ते तो मला विसरू देत नसे. जेवणाच्या टेबलावर मी 'का'ला 'काहून' म्हणते त्याची नक्कल करायचा आणि बाकीच्यांना इंग्रजीत समजावायचा की ही आमच्या मागास भागातली भाषा. मी हसायचे. नोकरी आवडीची होती.

हंगामाची पहिली शर्यत एका लांबच्या देशात होती. कोरोनाचं नाव तोवर सगळीकडे झालं होतं, पण शर्यत होणार असंच सगळे धरून चालले होते. सरावाच्या आदल्या संध्याकाळी मान मोकळी करायला म्हणून मी ड्रायव्हरच्या खोलीत गेले, तर हात लावताच कळलं, अंग भाजत होतं. मी ताप मोजला आणि मॅनेजरला बोलावलं. त्यानं दार लावून घेतलं.

"गोळी दे आणि झोपव," तो म्हणाला. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

मी म्हटलं, गॅरेजमध्ये माणसं एकमेकांना चिकटून काम करतात, सगळ्यांना होईल. तो म्हणाला, प्रायोजक निघून गेले तर सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, त्याचा विचार कर. ड्रायव्हर बिचारा पांघरुणातून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता, त्याला मराठी कळत नव्हतं. मी खाली गेले आणि शर्यतीच्या डॉक्टरांना सांगून आले.

सकाळी आमचा संघ बाजूला काढला. दुसऱ्या संघांतही आजारी माणसं निघाली होती. प्रेक्षक तिकिटं घेऊन दरवाज्यांबाहेर उभे होते आणि शर्यत रद्द झाल्याची घोषणा झाली. मग पुढच्या देशातली रद्द झाली, मग त्याच्या पुढची. आमच्या गाड्या पेट्यांत भरलेल्या तशाच बंदरावर पडून राहिल्या.

प्रायोजकांनी मॅनेजरला जाब विचारला, तेव्हा त्यानं माझं नाव सांगितलं. मी नुकतीच गावाला जाऊन आले होते. ताप तीच घेऊन आली, ड्रायव्हरला तिच्याकडूनच लागला, असं. तेवढ्यावर थांबला असता तरी मी कदाचित गिळलं असतं. पण एका मराठी बातमीवाल्याला त्यानं फोनवर मुलाखत दिली आणि 'हिंगोलीची आमची फिजिओ' असे शब्द वापरले. जिल्ह्यात या धंद्यातली दुसरी कोण असणार? मला विमानात बसवून परत पाठवलं. मुंबईला हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला. मी गावात पोचण्याच्या आधी ती बातमी गावात पोचली होती.

मला गावच्या शाळेत एकटं ठेवलं. माय खिडकीपाशी डबा ठेवायची आणि लांब लिंबाखाली उभी राहून माझं जेवण होईपर्यंत बघायची. आमच्या दोन म्हशी, गल्लीभर दुधाचा रतीब. सगळ्यात आधी समोरच्या काकूनं दूध बंद केलं. मग एकेकानं दारातूनच नको म्हणायला सुरुवात केली. माझ्या तपासणीत काही निघालं नाही, शाळेत असताना साधी सर्दीसुद्धा झाली नाही, तरी दूध कुणी घेईना. माय दोन्ही वेळचं दूध कढईत आटवून खवा करायची. बाजार बंद. तो खवा आम्हीच खाल्ला, त्याचा मला अजून वास सहन होत नाही.

"तू काहून सांगितलं गं त्या डॉक्टरला?" मायनं एकदा विचारलं. "गप बसली असती तर?"

मी म्हटलं, माणसं मेली असती. ती उलथन्यानं कढई खरवडत राहिली.

त्या उन्हाळ्यात मी त्या माणसाचं वाईट चिंतण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. त्याला ताप यावा, त्याच्याही दारात कुणी येऊ नये, त्याच्या आईनं खिडकीत डबा ठेवावा. भांडी घासताना, म्हशी धुताना मी त्याच्याशी भांडायचे. माझी वाक्यं तयार होती.

सोयाबीनची खुरपणी चालू असताना त्याचा फोन आला. हंगाम पुन्हा सुरू होणार होता, थोड्या दिवसांत दाटीवाटीनं शर्यती, प्रत्येक संघाला मोजकी माणसं. ड्रायव्हर महिनोन्‌महिने घरात बसून होता, मान पार सैल झाली होती, आणि दुसऱ्या कुणाला तो मानेला हात लावू देत नव्हता. मॅनेजरचा आवाज गोड होता. झालं गेलं विसर म्हणाला.

मी म्हटलं, येते. फक्त आधी संघातल्या सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलवा आणि खरं काय झालं ते सांगा. त्यानं दोन दिवस टाळलं. मग तयार झाला.

गच्चीवर रेंज येते म्हणून मी आणि माय गच्चीवर बसलो. पडद्यावर मेकॅनिक, इंजिनिअर, ड्रायव्हर, सगळे आपापल्या घरांतून. मॅनेजरनं इंग्रजीत सांगितलं, की ताप दडवायला त्यानं सांगितलं होतं आणि दोष माझ्यावर ढकलला होता. सांगताना तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"आता हेच मराठीत सांगा, सर," मी म्हणाले. "माझ्या आईला." आणि फोन मायकडे फिरवला.

तो मग म्हणाला, "ताई, ताप तुमच्या मुलीनं आणला नव्हता. ती खरं बोलली, म्हणून मी तिचं नाव घेतलं. माझं चुकलं."

मायनं पदर सारखा केला. "मला काय सांगून राहिले," ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. आमच्या गल्लीला कोण सांगंल?"

"गल्लीला मी सांगते," मी म्हटलं. सगळं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड होत होतं. मग फोन स्वतःकडे वळवून मी त्याला शांतपणे सांगितलं, की मी येणार नाही.

तो म्हणाला, पण तू शब्द दिला होतास. मी कॉल बंद केला. मायनं विचारलं, "जायचं न्हवतंच व्हय तुला?" मी नाही म्हटलं. ती हसली. मी शाळेतून सुटल्यापासून तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्याच दिवशी मराठीतला तेवढा तुकडा मी गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो जवळच्या वारंगा फाट्याला गेला, हिंगोलीला गेला, आणि कुणाकुणाच्या नातेवाइकांकडून पुण्यालाही पोचला. दुसऱ्या दिवशी समोरची काकू भांडं घेऊन दारात उभी राहिली. मायनं तिला सांगितलं, दूध उरलं नाही. मागं चरवी भरलेली दिसत होती, काकूलाही दिसत होती. मायनं बाकी सगळ्यांचे रतीब पुन्हा लावले, तिचा मात्र अजूनही लावलेला नाही.

संघानं तिकडचाच एक माणूस फिजिओ म्हणून घेतला. ड्रायव्हर पहिल्या दोन शर्यतींत मागं पडला, तिसरी त्यानं मानेच्या दुखण्यानं अर्ध्यातून सोडली आणि उरलेला हंगाम दुसराच कुणी चालवला. हंगाम संपल्यावर मॅनेजरला काढलं. ते त्या व्हिडिओमुळे की हरल्यामुळे, मला कुणी सांगितलं नाही. मी व्हिडिओमुळेच असं धरते.

ड्रायव्हरचा मात्र निरोप आला होता. माझं तुझ्याशी काय वाकडं होतं, एवढंच त्यानं विचारलं होतं. काही नव्हतं. त्याची मान पुढे बरी झाली, तो पुन्हा शर्यतीत उतरला, हे मी बातम्यांत वाचलं आणि बरं वाटलं. त्याला हे मी कळवलेलं नाही. कळवलं असतं तर माफीही मागावी लागली असती, आणि माफी मागायची म्हणजे त्या दिवशी गच्चीवर मला जे समाधान वाटलं ते चूक होतं असं म्हणावं लागलं असतं. ते मला म्हणायचं नाही. आता हिंगोलीत माझा स्वतःचा दवाखाना आहे. गुडघे, कंबर आणि मोटारसायकलवरून पडलेली माणसं येतात.