हसरं तोंड, रडकं तोंड

गुडघा वाकवला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. तो वाकला नाही, तर संडासलासुद्धा जन्मभर दुसऱ्याच्या आधारानं जायची पाळी होती. व्यायाम करून घेणारी पोरगी म्हणाली, "झालं आजी, सोडतेच आता," आणि तिनं आणखी दाबला.

मग एका हातात पाय तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं टॅब पुढे केला. त्यावर पाच तोंडं होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. सकाळी अशाच तोंडांवरून तिनं दुखणं विचारलं होतं, म्हणून मी रडक्यावर बोट ठेवलं.

पोरगी पांढरी पडली. "अहो आजी, हे दुखण्याचं नाही, माझ्या कामाबद्दलच्या समाधानाचं आहे!"

समाधान म्हणे! आमच्याकडे पोट भरलं का, हे जेवण झाल्यावर विचारतात. घास घशात अडकलेला असताना कुणी विचारत नाही. इथे भिंतभर यंत्रं आहेत, पण एवढी साधी रीत कुणाला ठाऊक नाही. मी चालायला लागले तर समाधान दिसेलच की सगळ्यांना.

तेवढ्यात बाहेर फोनवर बोलत बसलेला माझा मुलगा आत आला. "द्या इकडे, आईला नाही कळत त्यातलं," म्हणत त्यानं हसऱ्या तोंडावर बोट टेकवलं.

"थँक्यू दादा," पोरगी म्हणाली.

दोघांचंही समाधान झालं. गुडघा माझा होता.