तुम्हाला काय वाटतं, बाबा?

चहा जरा खाली ठेवा आणि मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मी सासरी असा काही दिवा लावला की विचारू नका!

आमचं घर दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सासरे, म्हणजे बाबा, केंद्र सरकारच्या नोकरीत, निवृत्तीला टेकलेले. माझं ऑफिस गुडगावला. तिथे आम्ही एका लॅबची वेबसाइट करत होतो. घरबसल्या रक्ततपासणी बुक करायची, रिपोर्टही तिथेच बघायचा.

दिवाळी तोंडावर आलेली. आमचा पहिला दिवाळसण! पुण्याला माझ्या आईने जावयासाठी काय काय ठरवून ठेवलेलं. आणि बॉस म्हणतो, "पहले बुजुर्गों से साइट चलवाके देखो, जहाँ अटकें वो ठीक करो, फिर छुट्टी."

बुजुर्ग शोधायला कुठे जायचं? घरातच सोफ्यावर बसला होता की!

आता आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे. समोरचा कितीही चाचपडला तरी मदत करायची नाही. चेहरा कोरा ठेवायचा. त्याने काही विचारलं, तर उलट त्यालाच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" म्हणजे त्याच्या मनातलं कळतं. अर्थात, हा नियम समोरच्याला आधी समजावून सांगायचा असतो.

तेवढंच मी विसरले!

रविवारी लॅपटॉप मांडला. "बाबा, समजा तुम्हाला शुगरचा रिपोर्ट बघायचाय. बघा बरं."

सुनेने कामात मदत मागितली म्हणून बाबा खूश. चष्मा पुसून सरसावून बसले. साइट उघडली, तर तिने पहिल्याच फटक्यात मोबाइल नंबर मागितला.

"अरे वा! ओळख ना पाळख, आल्या आल्या नंबर? देऊ का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग मुकाट्याने नंबर दिला.

"अच्छा. आता रिपोर्ट कुठाय?"

"तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?"

"मला वाटलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

मी नुसती मान डोलावली. वर ते वाक्य लिहूनही घेतलं. काय म्हणावं मला!

बाबा इकडे दाबतायत, तिकडे दाबतायत, आणि फिरून फिरून 'आमच्याविषयी' या पानावर येतायत. पंखा सुरू असून घाम आला.

"अगं, माझं काही चुकतंय का?"

"चूक-बरोबर असं काही नसतं, बाबा."

"मग काय असतं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "चहा टाकू का गं सगळ्यांना?"

आणि माझी जीभ! त्याच थंड आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

संपलं. सासूबाई आत गेल्या. बाबांनी लॅपटॉप मिटला. अमेय, माझा नवरा, आतून धावत आला, "यार, तू काय बोललीस आईला?" मी तोंड उघडायच्या आत पुण्याहून आईचा फोन. सासूबाईंनी आतून तिला कळवलंही होतं!

"काय गं, सासू-सासऱ्यांना उलट प्रश्न करतेस?"

"आई, अगं, ती आमची पद्धत आहे."

"पद्धत? आपल्या घरात कधी होती ही पद्धत?"

शेवटी बाबांसमोर बसून सगळा नियम समजावला. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "वाट सापडली नाही त्याचं काही नाही गं. पण तू शेजारी बसून नुसती बघत राहिलीस, ते लागलं." मला इतकं ओशाळं वाटलं, की त्या दिवशी सगळ्यांचा चहा मीच केला, कोणालाही न विचारता.

आठवडाभरात साइट बदलली. 'माझा रिपोर्ट' उघडल्या उघडल्या दिसेल असा. नंबर कशाला हवा ते सांगून मगच मागायचा. आणि अडलं तर खऱ्या माणसाशी बोलायची सोय वरच, ठळक. बॉस म्हणाला, "अब भरोसा होता है." सुट्टी मंजूर!

उड्या मारतच घरी आले. बॅगा भरल्या, नमस्काराला वाकले. "बाबा, मग निघू ना आम्ही पुण्याला?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. हाताची घडी घातली. चेहरा कोरा. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, त्यांचाही कोरा!

"तुला काय वाटतं?"

खरं सांगते, स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मला काही वाटायची हिंमत झाली नाही.