पनीरचा निष्कर्ष

अंधेरीतल्या ज्या संशोधन केंद्रात मी मराठी वाक्यं तपासायला होतो, तिथे माणसांची आवडनिवड ओळखणारा प्रोग्राम तयार होत होता. त्यामुळे परदेशी शाखेतल्या सहकाऱ्यांना आपलं जेवण वाढायचं ठरलं, तेव्हा काय करायचं ते कुणी घरी विचारलं नाही. प्रोग्रामला विचारलं.

आधी प्रत्येकाने त्यात 'खरं भारतीय जेवण' भरायचं होतं. रोज ठेपले आणणाऱ्याने पनीर लिहिलं. दहीभातवालीने पनीर लिहिलं. कोंबडी-वड्यांशिवाय ज्याचा रविवार जात नाही, त्या मालवणी पोरानेही पनीरच लिहिलं. पाहुण्यांना तेच चालेल म्हणून. प्रोग्रामने हे सगळं तपासलं आणि पनीर सांगितलं. निष्कर्ष सुस्पष्ट आहे, असं आमचे प्रमुख समाधानाने म्हणाले.

वेगळं लिहिलं होतं एकटीने. माझ्या शेजारच्या टेबलावरची संशोधक, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. तिच्या आईने बोंबील स्वतः वाळवले होते, आणि लेकीच्या हापिसातले लोक आपल्या हातचं खाणार हे गल्लीभर सांगूनही टाकलं होतं. प्रोग्रामने बोंबलाला अपवाद ठरवून वगळलं.

"वासाचा प्रश्न आहे," प्रमुख तिला म्हणाले. "तू डबा आण ना. फक्त टेबलावर नको. जिन्यात बसून खाऊ, आपली आपली माणसं."

मी पेटलो. विक्रोळीच्या चाळीत माझं बालपण बाबांच्या युनियनच्या पत्रकांना घड्या घालण्यात गेलंय; अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. 'ताटातली हुकूमशाही' हे पत्रक मी ऑफिसच्याच प्रिंटरवर छापलं.

तिने ते वाचलं. "झकास. पण यात बोंबील कुठेय?"

"कुठे म्हणजे?"

"भांडवल आहे, वर्चस्व आहे, इतिहास आहे. बोंबील नाही. मला संध्याकाळी आईला तोंड दाखवायचंय रे. डबा भरलेला परत नेला तर ती विचारणार, काय कमी पडलं?"

पाहुणे आले. हॉटेलातून आलेल्या पनीरकडे हात करून प्रमुखांनी सांगितलं की आमच्याकडे घराघरांत दुपारी हेच असतं. घराघरांतले आम्ही ते ताटात इकडून तिकडे सरकवत होतो. मग एकेक जण जिन्यात आला. तिथे ती डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"उघड ना यार," मालवणी म्हणाला.

"टेबलावर मिळेल."

"अगं, सर आहेत तिथे."

"मग सरांच्या शेजारी मिळेल."

ठेपलेवाल्याला नुसती भाकरी हवी होती. तीही टेबलावरच मिळेल, असं त्याला सांगण्यात आलं. टेबलाकडे जायला कुणी तयार होईना. मग ती उठली. मला म्हणाली, "तुझं ते पत्रक दे. टेबलाला तेल लागेल."

माझी हुकूमशाही तिने पनीरशेजारी पसरली आणि तिच्यावर डबा उघडला. प्रमुखांनी एसीकडे पाहिलं. मालवणी सगळ्यांच्या पुढे ताट घेऊन उभा होता.

"हे काय आहे?" एका पाहुणीने विचारलं.

"जेवण," मालवणी म्हणाला.

"मग ते पनीर?"

"ते संशोधन," ती म्हणाली, आणि पाहुणीच्या ताटात भाकरी वाढली.

पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. तरी तिने आणखी घेतलं. शेवटची भाकरी प्रमुखांनी डब्यातली चटणी पुसून घेत, नमुन्यादाखल, खाल्ली. बोंबीलवालीने तिथूनच आईला फोन लावला. "रिकामा आहे गं. हो, पाहुण्यांनीपण."

दुसऱ्या दिवशी प्रोग्राममध्ये बोंबील दिसले. पुढे लिहिलं होतं, ऐच्छिक. पनीर ऐच्छिक नव्हतं. मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं.

"पहिल्या ओळीत बोंबील," तिने शेजारच्या टेबलावरून बजावलं.