नावाला लागलेला पाय

आमच्या तळमजल्यावरच्या ज्यू आजी पुढच्या दारानं कधी बाहेर पडत नसत. दारासमोरच्या फुटपाथमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाची छोटी पितळी फरशी बसवली होती. नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांची नावं इथं जर्मनीत त्यांच्या घरांसमोर अशी बसवतात. दोघी बहिणींना लहानपणी याच घरातून आधी घेट्टोत, ज्यूंना कोंडायच्या वस्तीत नेलं, मग छळछावणीत. परत आल्या त्या एकट्या आजी.

मागच्या पायऱ्या उभ्या, आणि आजींनी नव्वदी कधीच ओलांडलेली. त्या तिथं पडल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पुढचं दार वापरा, नाहीतर वृद्धाश्रमात जा. त्यांना दोन्ही नको होतं. दिवसभर खिडकीत बसून मात्र त्या फरशीकडेच बघत राहायच्या. गेर्लिंगेनच्या ऑफिसातून दमून आल्यावर त्यांचं सामान मागच्या पायऱ्यांनी चढवायचं काम माझ्या गळ्यात. मी वैतागायचे. एवढं सोसलेली बाई पितळेच्या तुकड्याला कसली घाबरते, असं मनात यायचं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून आल्या. भाजी घेऊन परतताना त्यांचा पाय फरशीवर पडला. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्या लगेच वाकल्या, फरशीला हात लावून तो डोळ्यांना लावला.

"अहो आई, दगडाला नमस्कार? आपण बौद्ध ना?"

"दगडाला कुठं? पोरीच्या नावाला पाय लागला माझा. माफी नको मागायला?"

खिडकीतून आजींनी विचारलं, "त्यांनी काय केलं?" मी जर्मनमध्ये समजावलं.

"त्यांना थांबता आलं," आजी म्हणाल्या. "छावणीतून आम्हाला पायी हाकलत होते. ती माझ्यापुढंच पडली. थांबेल त्याला गोळी घालायचे. मी तिच्यावर पाय देऊन पुढं गेले. तळपायाला ती अजून लागते."

मला माझीच भयंकर लाज वाटली.

थोड्या वेळानं पुढचं दार उघडलं. आजी चौकट धरून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे वाकेनात, तेव्हा सासूबाईंनी त्यांना काखेत धरून अलगद खाली बसवलं. आजींनी फरशीवर तळहात ठेवला. लोक वळसा घालून जात होते. ऊन उतरलं, तशी मी त्यांना उठवायला गेले.

"नको," त्या म्हणाल्या. "आता तरी मला तिच्याजवळ थांबू दे."