प्रभुलिंग काकांच्या अँपातला मऊपणा

मी आधीच सांगतो, मला ह्यातलं काय बी नीट कळलेलं न्हाय. कळलं असतं तर लिहायला बसलोच नसतो. नववीत शाळा सोडली, त्याचं वाईट बी वाटत न्हाय. खरं आमच्या मंगळवार पेठेत प्रभुलिंग काकांबद्दल कोण काय बी बोलायला लागलंय. कोण म्हणतंय काका हरला, कोण म्हणतंय म्हातारा त्या बावड्याच्या पोराला विकला गेला. माझं टाळकं सरकतंय. म्हणून जसं झालं तसं सांगून टाकतो. पुढं ज्याचं त्यानं ठरवावं.

काका अँप्लिफायर बनवत्यात. गणपतीत मंडळाम्होरं लावत्यात तसला न्हाय. घरात निवांत बसून गाणं ऐकायचा. आत काचंचं व्हॉल्व्ह असत्यात, जुन्या रेडिओत असायचं तसलं. चालू केला की बारक्या दिव्यागत पेटत्यात, आणि तापल्याबिगर चांगला आवाज येत न्हाय. तवर काका चहा पीत बसत्यात. कुणी घाई केली तर म्हणत्यात, "तुला उठल्या उठल्या गाता येतंय व्हय रं?" भाईरचं सागवानी खोकं बी स्वतःच करत्यात, आणि त्ये खोकं असलं गुळगुळीत की माश्या बी घसरत्यात.

शाळा सोडली तवा आमच्या बापानं मला घराभाईर काढलतं. काकांनी एवढंच इचारलं, "सोल्डरिंग करताना हात थरथरतोय काय?" न्हाय म्हटलं. "मग ये." तेव्हापास्नं मी तिथंच हाय. आक्काताई, म्हणजे काकांची बायको, मला पोटच्या पोरागत जेवायला घालती आणि पोटच्या पोरागतच शिव्या देती. ती निपाणीकडची. राग आला की कानडी सुरू हुतंय.

तर गिऱ्हाईक यायचं. पुण्याचं, मुंबईचं, बेळगावचं. मोठ्या गाड्या गल्लीत शिरायच्या न्हायत, मग रस्त्यावर लावून चालत यायचं. चटईवर बसायचं, डोळं मिटायचं आणि सगळी एकच बोलायची, "काका, काय मऊ आवाज हाय वो तुमचा! लोणी!"

आणि दर वेळी काकांचं तोंड कडू व्हायचं. मला वाटायचं, लाजत्यात.

ते लाजत नव्हतं, ते मला लई उशिरा कळलं. काकांचा एक दोस्त हुता, आकाराम. शाहिराच्या मागं डफ वाजवायचा. काका तरणं असताना त्यांच्यासंगं माइक सांभाळायला जायचं. डफाचं चामडं गार पडलं की आवाज ढिल्ला पडतोय. मग कागद पेटवून डफ शेकायचा. चामडं ताणलं की थाप अशी बसती की समोरचा दचकावा. कोडोलीच्या एका कार्यक्रमाआधी काकांनी दोन्ही थापा टेप केलत्या. आधी गार डफ, मग शेकलेला. आता आकाराम न्हाय. त्या टेपचं स्पूल हाय.

नवीन अँप झाला की पहिल्यांदा त्येच स्पूल लागायचं. काका मान खाली घालून ऐकायचं आणि म्हणायचं, "अजून न्हाय."

"काय न्हाय, काका?"

"चामडं न्हाय आलं. शेकलेला डफ बी गार वाटतोय. मऊ लागतोय सगळा."

मग परत अँप उघडायचं. मला तर दोन्ही थापा भारीच वाटायच्या. माझा कान म्हणजे कळकट भांडं हाय, त्यात काय बी ओता.

असं चाललतं, तवर अमरसिंह आला. कसबा बावड्याचा. घरचा ऊस, पण हे पोरगं इंजिनेर झालं, पुण्यात नोकरी केली आणि नोकरी सोडून परत आलं. उसाच्या कडंला शेड मारून त्येनं अँप बनवायला सुरुवात केलती. त्याचा अँप जेवणाच्या डब्याएवढा. तापत न्हाय, पेटत न्हाय, मोबाइलवरनं चालतोय. मला बघताक्षणी त्यो डबा आवडला न्हाय, आणि अमर तर त्याहून न्हाय.

"काका," त्यो म्हणाला, "तुमच्यागत लाकूड कुणाला जमत न्हाय. अँप बंद करा. आत माझी मशीन, भाईर तुमचं खोकं. दोघं मिळून करू."

"म्हणजे मी सुतार व्हय?"

"तसं न्हाय वो काका..."

"तसंच हाय. एक काम कर, कुस्ती लाव. तुझी मशीन आणि माझा अँप. मी पडलो तर अँप कायमचा बंद, तुझी खोकी करतो. तू पडलास तर परत ह्या उंबऱ्यावर असली गोष्ट काढायची न्हाय."

 अँप बंद म्हणजे काका काय करणार? त्यांना दुसरं काय बी येत न्हाय. मला बी येत न्हाय.

अमर म्हणाला, पडद्यामागं दोन्ही अँप ठेवू, स्पीकर तेच, पाच जणांनी ऐकून सांगावं. खरं आमच्यात कुस्ती म्हटली की वस्ताद लागतोय. मग तालमीचे उदयसिंह वस्ताद पंच म्हणून आले. त्यांनी अमरचं ऐकलं आणि मान हलवली.

"कुस्ती दोघांची, त्यात पाच जण कशाला? ह्या पेठेत काकाएवढा तयार कान कुणाचा हाय? काकानंच ऐकावं आणि काकानंच सांगावं, चांगला कुठला. का रं, तुझा काकावर इस्वास न्हाय?"

अमर हसला. "हाय की. माझ्याकडनं चालतंय."

म्हणजे पैलवानालाच पंच केला. तवा कुणालाच त्यात काय चुकीचं वाटलं न्हाय. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आता काका कशाला हरत्यात!

व्हॉल्व्हचा उजेड दिसू नये म्हणून खोलीत आडवं घोंगडं बांधलं. अमरनं दोन्हींचा आवाज सारखा करून दिला. मागं मी एकटा, हातात बटण. कुठला आधी लावायचा त्ये मी ठरवायचं आणि कुणाला सांगायचं न्हाय. मी अमरचा आधी लावला. मैदानात मोठी कुस्ती शेवटाला असती, म्हणून काकांचा शेवटाला ठेवला.

स्पूल फिरलं. गार डफ. मग शेकलेला. घोंगड्याच्या भोकातनं मी बघत हुतो. दुसऱ्या थापेला काका सरळ झालं. मांडीवर हात आपटला.

"दुसरा लाव."

मी काकांचा लावला. आवाज सुरू होतोय न होतोय तवर काकांनी तोंड वाकडं केलं. "बास बास. मऊ हाय. चामडंच न्हाय ह्यात. पहिला! पहिला माझा. विश्या, परवा आपण त्यो बदल केला न्हवं? लागू पडला बघ!"

असा खुललेला माणूस मी कधी बघितला न्हवता. आणि मी घोंगड्यामागं येड्यागत उभा.

वस्ताद म्हणाले, "विश्या, पहिला कुणाचा?"

"काकांचा," मी म्हटलं. सरळ खोटं. लाज वाटली न्हाय, अजून बी वाटत न्हाय.

अमर त्याच्या मशीनचा आवाज वळखत नसंल काय? वळखला हुता. त्येनं घोंगड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं काका. जिंकलासा." आणि चप्पल घालायला लागला.

तिथंच मिटलं असतं. खरं काकांना आपल्या अँपाच्या पाठीवर थाप मारायची हुती. ते उठून मागं आलं. मी आडवा झालो.

"काका, तापलाय, हात लावू नका."

"माझा अँप मला सांगतोस व्हय रं? सर की!"

ढकललं मला. कुठली तार कुठं गेलीय आणि बटणावर पहिल्या बाजूला काय जोडलंय, त्यांनी बघितलं.  मग म्हणाले, "पहिला परत लाव. सगळं स्पूल."

सगळं स्पूल वाजलं.  शेवटाला काका म्हणाले, "आकाराम असाच वाजवायचा."

मग दंगा सुरू झाला. मी म्हटलं, काकांनी काकांचा म्हणून निवडला, म्हणजे काकाच जिंकले. दारात जमलेल्यातला एक जण म्हणाला, निवडली तर मशीन. वस्तादांनी पागोट्यागत हात डोक्यावर ठेवलं. "आयला, पडला कोण ह्येच कळंना. बरोबरीत सोडवू या काय?"

"कशाची बरोबरी?" काका म्हणाले. "पाठ टेकली माझी. जावा घरला."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या गाडीवर बसून बावड्याला गेले, खोक्याची मापं घ्यायला. शब्द दिलता. अमरनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि मग म्हणाला, "काका, पुढच्या वेळी येताना तुमचा अँप घेऊन या. मला त्यातला मऊपणा मोजायचाय."

"कशाला?"

"माझी मशीन लोकांस्नी कोरडी वाटती. ऐकत्यात, भारी म्हणत्यात आणि घेत न्हाईत. तुमचा मऊपणा कंप्युटरवर मोजून आत घालतो."

"अरं, त्यो दोष हाय माझ्या अँपातला!"

"व्हय काका. मोजला की दोषच दिसतोय."

"मग?"

"लोकांस्नी त्योच पाहिजे."

काका खुर्चीवरनं उठले. "मी जन्मभर त्यो दोष काढायला बघितला. तुझ्यात त्यो न्हाय, देवाच्या कृपेनं न्हाय, आणि तू मुद्दाम घालणार?"

"व्हय."

येताना मला वाटलं, संपलं, आता हे काय अँप देत न्हाईत. दोन दिवस अँपाकडं बघत बसले. तिसऱ्या सकाळी स्वतःच गोधडीत गुंडाळून माझ्या गाडीला बांधला.

"काका, कशाला देतायसा?"

"शब्द लाकडाचा दिलता, ह्येचा न्हाय, ते मला बी कळतंय. खरं त्या पोराला ऐकू तर येऊ दे, माझं कुठं चुकतंय."

आता काकांची खोकी आणि अमरची मशीन अशी जोडी निघती. म्होरल्या बाजूला एक बारकं पितळी बटण हाय. दाबलं की आवाज काकांच्या अँपागत मऊ हुतोय. बटणाखाली नाव कोरलंय, ‘प्रभुलिंग’.

मी पहिल्यांदा वाचलं आणि सरळ बावड्याला जाऊन अमरची कॉलर धरली. "चुकीला माझ्या काकांचं नाव देतोस?"

त्येनं हात बी उचलला न्हाय. "मग कुणाचं देऊ? माझं? आवाज त्यांचाच हाय न्हवं?"

मी कॉलर सोडली आणि उगं उसाच्या बांधाला लाथ घालून आलो.

घरी आक्काताईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "जन्मभर ह्यास्नी जे निस्तरलं न्हाय, त्येला ह्येंचंच नाव! साकु बाबा," ती कानडीत म्हणाली, "पुरं झालं ह्या दोघांचं. मला इचारशील तर मी मऊच ऐकतो. मला त्यो शेकलेला डफ डोक्यात जातोय."

काकांना इचारलं तर म्हणाले, "असू दे." रागानं न्हाय, आनंदानं बी न्हाय.

घरात एक मशीन ठेवलीय. रोज दिवे लागायच्या टायमाला काका स्पूल लावत्यात, बटण न दाबता. ऐकत्यात. "अजून न्हाय" म्हणत न्हाईत. आणि ऐकून झालं की करायला काय नसतंय. सोल्डरिंगचं आयर्न खिळ्याला लटकून असतंय. कधी कधी हात तिकडं जातोय आणि परत येतोय. हा माणूस सुखी हाय काय? मला सांगता येत न्हाय. जन्मभर जे हुडकलं ते सापडलं, खरं दुसऱ्याच्या डब्यात सापडलं. ह्येला काय म्हणायचं?

परवा पुण्याचं एक गिऱ्हाईक आलतं. काका आत फळी तासत हुते. मी मशीन लावून दाखवली. पावणं ऐकत बसले, मान हलवली, म्हणाले, "छान आहे. पण जरा... म्हणजे, ते जुनं काहीतरी नाही यात."

मी बटण दाबलं. पावण्यांनी डोळं मिटलं. "आहाहा! हेच! लोणी!"

आतनं काका ओरडले, "विश्या, बंद कर त्ये!"

मी बंद केलं.

"अहो, राहू दे की!" पावणं कळवळले. "काय सुंदर लागला होता!"

मी चालू केलं.

"बंद कर म्हटलं न्हवं!"

बंद केलं. पावणं माझ्याकडं बघतंय, आत रंधा थांबलाय. नाव काकांचं, आवाज काकांचा, आणि काकांनाच नको. बटण दाबायचं का बंद करायचं, काकांच्या बाजूनं उभं ऱ्हाणं म्हणजे ह्यातलं कुठलं, तेच मला कळंना.

मी भिंतीतनं तारच उपसली.

"पावणं," मी म्हटलं, "चहा घेणार काय?"