उपाशीपोटी
स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला मानोऱ्यातली ती लॅब आठवते आणि एका जागी बसवत नाही. मायला घेऊन पहिल्या एसटीनं गेलो होतो. लॅब अजून उघडायची होती, समोरच्या टपरीवर आल्याचा चहा उकळत होता आणि मला एकट्याला पिववेना. "उपाशीपोटी ये म्हनत व्हते ना रे?" ती म्हणाली. "च्या म्हंजे काय जेवन हाये, माय? घे!" तिनं गोडमिट्ट ग्लासभर घेतला. सुई टोचण्याआधी आतल्या मुलीनं विचारलं, "मावशी, उपाशीच ना?" माय माझ्याकडे पाहू लागली. "हो," मीच बोललो. साखर थोडी वाढलेली निघाली. आहार सांगणाऱ्या बाईंनी गूळ, आंबा बंद केला. चहामुळं असेल, परत तपासा, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता आतबाहेर करत राहिलो. पुढं दर उन्हाळ्यात माय सगळ्यांसाठी आंबे पिळायची आणि बोटांना लागलेला रससुद्धा धुऊन टाकायची. "एक वाटी घे ना," म्हटलं की म्हणायची, "रगत खोटं बोलते काय, लेका?" मी ताटावरून उठून जायचो. ती वारली, तरी सांगितलं नाही. आज माझीच तपासणी होती. "काका, उपाशी आहात ना?" खरंच उपाशी होतो, तोंडातून हो निघेना.